दुसरा प्याला

१७ फेब्रुवारी, मंगळवार

थिसिसचं दुसरं प्रकरण परत आलं. डॉ. मिलरनी (माझ्या गाइड, यापुढे डॉ.मि., हात दुखतो) लाल पेन वापरलं नव्हतं. वापरलं असतं तर बरं झालं असतं. शेवटच्या पानावर पेन्सिलनं एकच ओळ: हे आपल्या कॉलेजच्या मासिकात छान शोभेल.

म्हणजे शिवी. ख्रिस्ती कॉलेज आहे, इतिहास विभागात एवढीच शिवी चालते.

मी थिसिसचा विषय निवडला तेव्हा सगळे केवढे खूश होते. इथेच शिकलेला एक साहेब जुन्या काळी मिशनरी होऊन भारतात, आमच्या नगरकडे गेला, शाळा काढल्या, चर्च बांधलं. लायब्ररीच्या जिन्यात त्याचं तैलचित्र आहे. आणि मी त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या घरातली. अ‍ॅडमिशनच्या वेळी हे ऐकून ऑफिसमधल्या बाई रडल्या होत्या. तेव्हापासून मी त्या चित्राखालून जातेय आणि लोक माझ्याकडे त्यानं लावलेल्या वांग्यासारखं कौतुकानं बघतायत.

डॉ.मि. म्हणाल्या, साहेबानं घरी काय कळवलं ते तू नीट सांगितलंस. जमिनीवर बसून त्याचं ऐकणारे लोक कुठे आहेत? त्यांना कोणी विचारलं?

ते कधीच वारले, मी म्हटलं.

"घरी कोणी म्हातारं माणूस नाही?"

आहे. पिस्कॅटवेला, आमच्या घरी, हॉलमधल्या खुर्चीत. पप्पांची आत्या, सगुणा. पप्पा म्हणतात म्हणून आम्हीही आत्याच म्हणतो. नगरला मिशनच्या शाळेत आयुष्यभर शिकवत होती. मी तिला आजवर "गुडघे कसे आहेत" याच्यापलीकडे काही विचारलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. पिस्कॅटवे

घरातले सगळे मंडळीत गेले होते. इथल्या मराठी ख्रिस्ती लोकांची महिन्यातून दोनदा भक्ती असते, भाड्याच्या हॉलमध्ये. गुडघ्यांमुळे आत्या या वेळी घरी. मी पण पडसं आहे म्हणून थांबले. (पडसं नव्हतं.)

फोन समोर ठेवला तर तिला वाटलं फोटो काढतेय. पदर सारखा केला. म्हटलं, रेकॉर्डिंग आहे आत्या, तू फक्त बोल. म्हणाली, "काय बोलू? कोणी कधी विचारलंच नाही."

मग थांबेचना.

तिच्या आजीची आई. लक्ष्मी, बाप्तिस्म्यानंतर लिया. "आपण मांगवाड्यातले," आत्या इतक्या सहज म्हणाली की मीच दाराकडे बघितलं. आमच्या घरात हा शब्द कोणी काढत नाही. आमचा इतिहास 'आपण ख्रिस्तात आलो' इथून सुरू होतो, त्याआधी नुसता काळोख.

पहिलं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. साहेब म्हणाला, ख्रिस्ताचा प्याला एकच, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. लिया पुढे बसली होती. तिनं ओठ लावला आणि प्याला पुढे दिला. पलीकडे गावातले लोक होते, वरच्या जातीतून नवीनच ख्रिस्ती झालेले. त्यातलं एक घर उठलं. त्यांच्यामागं बाकीची.

"मग साहेबानं काय केलं?"

"पुढच्या रविवारी दोन प्याले मांडले. एक त्यांचा, एक आपला. लोक परत आले. साहेबाला लोक पाहिजे होते."

हे कुठेच नाही. साहेबाच्या एकाही अहवालात नाही. मला घाम फुटला, आनंदानं. आणि त्या आनंदात मी विचारून बसले, "पहिलं घर कोणाचं उठलं?"

"थोरातांचं."

थोरात म्हणजे इथले, जवळच्या आयसेलिनचे थोरात. म्हणजे प्रियाचं घर. आमच्या सुजितदादाचं प्रियाशी जूनमध्ये लग्न आहे.

आत्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं असणार. तरी पुढे म्हणाली, "आणि हे सगळं लियाबरोबर मेलं असं समजू नकोस. शाळेत मी आणि…" थांबली. "बंद कर ते."

बंद केलं. तिनं पाणी मागितलं.

२४ फेब्रुवारी, मंगळ

डॉ.मि.ना इंग्रजीतून सगळं सांगितलं. त्या उठल्या. मग खिडकी उघडली, बाहेर बर्फ असताना.

दोन गोष्टी म्हणाल्या. एक: जिचं बोलणं रेकॉर्ड केलं तिनं ते स्वतः पुन्हा ऐकून हो म्हटल्याशिवाय एक शब्द वापरायचा नाही. दोन: एकाच घराची आठवण पुरत नाही. दुसऱ्या बाजूचा आवाज आण.

"दुसरी बाजू माझ्या भावाचं सासर आहे."

"मग जपून आण," म्हणाल्या. यांना काय जातंय.

संध्याकाळी आत्याला फोन. नाव बदलू का विचारलं, तसं करता येतं. चिडली. "माझं नाव घाल. पूर्ण. आणि त्यांचंही. लियाचं नाव इतके दिवस कोणी घेतलं नाही, आता मी पण टोपणनावानं राहू?"

पप्पांना अजून काहीच माहीत नाही.

१ मार्च, रवि

संपलं सगळं.

नियमाप्रमाणे वागले ना मी. आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग पाठवलं, म्हटलं, सावकाश ऐक आणि हो का नाही ते कळव. तिला ऐकू कमी येतं. तिनं फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून लावला. पातेल्यात ठेवलं की आवाज मोठा येतो, ही युक्ती तिला मीच दाखवली होती, नाताळात, गाण्यांसाठी.

हॉलमध्ये मम्मी, पप्पा, दादा. आणि प्रिया. दादा तिला जेवायला घेऊन आला होता.

दादाचा फोन आला तेव्हा मी मेसमध्ये, हातात ट्रे.

"तुला दुसरा विषय नव्हता? सिव्हिल वॉर घ्यायचं ना यार. सगळे तेच घेतात."

"प्रिया काय म्हणाली?"

"काही नाही. भात संपवला, थँक यू म्हणाली, गेली. मी सोडायला निघालो तर म्हणाली, आय विल टेक अ कॅब."

ट्रे तसाच ठेवून खोलीत आले. रूममेट केलीनं विचारलं कोणी वारलं का. मी नाही म्हटलं. तिनं तरी माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली. चांगली मुलगी आहे, पण मला ओरडायचं होतं.

२ मार्च, सोम

पप्पांचा फोन. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. हळू आवाजात बोलत होते, ऑफिसच्या पार्किंगमधून.

"या देशात आलो तेव्हा आपल्याला कोणी ठेवून घेतलं, रिबका? थोरातांच्या बेसमेंटमध्ये राहिलो आपण. तू तिथून शाळेत जायला लागलीस."

माहीत आहे पप्पा.

"आपल्यात जात नाही. हे मी तुम्हाला शिकवलं ना? मग तू ती उकरून कशाला काढतेस?"

म्हटलं, मी नाही काढली, मी विचारलं फक्त. ते म्हणाले तेच ते. मग म्हणाले, नावं काढून टाक, किंवा सगळंच काढून टाक, मला त्या माणसासमोर उभं राहता आलं पाहिजे.

पप्पांचा मला राग येत नाही हाच त्रास आहे. ते घाबरलेत. लग्नासाठीच नाही. आज ना उद्या कोणीतरी हा शब्द उच्चारील म्हणून ते मला आठवतंय तेव्हापासून घाबरलेलेच आहेत, आणि उच्चारला कोणी तर घरच्याच मुलीनं.

६ मार्च, शुक्र

प्रियाचा मेसेज, इंग्रजीत (तिला मराठी अर्धवटच येतं): माझं आडनाव कळलं, बाकी निम्मंच कळलं. मला ते पाठव.

नियम. आत्याला विचारलं. वाटलं नाही म्हणेल.

"दे," म्हणाली. "आधी तिलाच दे. या घरात यायचंय तर बघून येईल."

म्हटलं, आत्या, लग्न मोडलं तर?

"मी मोडायला सांगितलं का? मी सांगितलं ते खरं आहे का नाही एवढं विचार." फोन ठेवला. माझं बोलणं तोडून पहिल्यांदाच फोन ठेवला तिनं.

पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

दादाशी ती बोलतेय पण लग्नाचं काही बोलत नाहीये. दादाचं म्हणणं, हॉलवाल्याला फोन करायचा होता तो तिनं केलाच नाही. हे सगळं मला रोज कळवतो, दम देतोय का रडतोय ते कळत नाही.

११ मार्च, बुध

चॅपल, कॉलेजची सक्तीची प्रार्थना. हजेरीसाठी फोन स्कॅन केला, मागे बसले, एक शब्द ऐकला नाही.

बाहेर पडताना चॅप्लननी, म्हणजे कॉलेजच्या पाळकांनी, गाठलं. एप्रिलमध्ये मिशनचा खास आठवडा आहे, मी दहा मिनिटं बोलावं, 'माझ्या घरापर्यंत प्रकाश कसा पोचला'. इतका साधा माणूस आहे की खोटं बोलवेना. दुसऱ्या प्याल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. जिन्यातल्या चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"याचा शेवट आशेचा करता येईल का?"

म्हटलं, शेवट मलाच माहीत नाही अजून.

डॉ.मि.: प्रकरण २३ तारखेला हवं. नावांसकट किंवा नावांशिवाय, पण तुझ्या मनाशी पक्कं करून आण. "आणि दुसरा आवाज?" म्हटलं, बघते. काय बघते, कर्म माझं.

१५ मार्च, रवि. पिस्कॅटवे

स्प्रिंग ब्रेक. केली फ्लोरिडाला, मी इथे.

जेवताना भडका उडाला. मम्मीनं मटण केलं होतं, म्हणजे तिला वाटत होतं मटणानं निभावेल.

पप्पा आत्याला म्हणाले, "आत्या, तू पोरीला सांग नाव वगळायला. तुझं ऐकेल. त्यांनी बेसमेंट दिलं होतं आपल्याला."

आत्या भाकरी मोडत म्हणाली, "दिलं. बरोबर आहे. वर जेवायला किती वेळा बोलावलं?"

पप्पांचा हात थांबला. मी आठवायला लागले. दादाही आठवत होता, दिसत होतं. थोरातकाका, प्रियाचे पप्पा, खाली यायचे, फार प्रेमानं. काकू डबे पाठवायच्या. वर… वाढदिवसाचा केक एकदा, तोही अंगणात.

"त्यांच्या मनात तसं काही नव्हतं," पप्पा म्हणाले.

"नसेल," आत्या म्हणाली. "मी पण तेच म्हणत आले."

कोणी मटणाला हात लावला नाही. मम्मी उठून भांडी घासायला लागली, डिशवॉशर असताना. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले तर हळूच म्हणाली, "तू खरं लिही. पण जून जाऊ दे ना गं." मग लगेच, "नाही, तुझं शिक्षण आहे, तू बघ." तिला दोन्ही पाहिजे. मलाही दोन्ही पाहिजे.

१८ मार्च, बुध

सकाळी थोरातकाकांचा फोन, थेट मला.

"बेटा, आई तुला बोलावतेय. शनिवारी ये. मशीन घेऊन ये म्हणाली."

प्रियानं काय केलं होतं, तर रेकॉर्डिंग घेऊन सरळ थोरातआजींकडे, स्वतःच्या आजीकडे गेली. मराठी कळेना म्हणून आजींना म्हणाली, ट्रान्सलेट करा. आजींनी सगळं ऐकलं, एक एक वाक्य थांबवून इंग्रजीत सांगितलं, स्वतःच्या आडनावापर्यंत.

काका पुढे म्हणाले, "तुझ्या अभ्यासाबद्दल मला आदरच आहे. फक्त आडनाव… बघ जमलं तर." शेवटी गॉड ब्लेस यू म्हणाले.

२१ मार्च, शनि. दुपार

आयसेलिन. ओक ट्री रोडच्या देशी बाजारात साड्यांची गर्दी, पार्किंग नाही, त्यामुळे उशीर. काकांनी दार उघडलं, चहा आणला, सोफ्यावर बसले. आजी म्हणाल्या, "तू जा." गेले बिचारे. प्रिया गालिच्यावर बसून राहिली, तिला कोणी घालवलं नाही.

कमलआजी. थोरातांची सून, पण माहेरही त्याच बाजूचं, उठून गेलेल्यांतलंच. मंडळीत आत्याच्याच रांगेत बसतात. "कशी आहेस?" "बरी आहे." याच्या पुढे दोघींचं बोलणं मी कधी ऐकलेलं नाही.

परवानगी, नियम, सगळं सांगायला लागले. हातानं थांबवलं.

"सगुणानं सांगितलं ते खरं आहे. आमचंच घर उठलं. आमच्यात सांगतात, तब्येत बरी नव्हती म्हणून उठले. अख्ख्या घराची तब्येत एकदम बिघडली." हसल्या नाहीत. "लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं. पुन्हा विचारू नको म्हणाल्या. नाही विचारलं."

झालं, दुसरा आवाज मिळाला. मला वाटलं संपलं. हात फोनकडे गेला.

"राहू दे चालू."

मग सांगितलं. मला जसं आठवतंय तसं लिहितेय, पुन्हा ऐकण्याचं धैर्य नाही.

"सगुणा आणि मी शाळेत एका बाकावर. मैत्रीण म्हण. नाताळाला ती माझ्यासाठी करंज्या आणायची, तिची आई करायची, खोबऱ्याच्या. मी घ्यायचे. घरी खाईन म्हणायचे. आणि वाटेत ओढ्याजवळ टाकून द्यायचे. दर नाताळाला. एकदा ती मागून येत होती, माझी राहिलेली पाटी द्यायला. तिनं बघितलं. पाटी दिली मला. पुढच्या नाताळाला परत करंज्या घेऊन आली."

प्रिया म्हणाली, "आजी, व्हाय?" आजींनी तिच्याकडे बघितलंच नाही.

"माझ्या आईनं सांगितलं होतं म्हणून मी टाकायचे असं मी मनाशी म्हणत आले. पण आई काही ओढ्यापर्यंत यायची नाही."

मी रडले. डॉ.मि. म्हणतात, मुलाखत घेताना रडायचं नाही. त्यांनी इथे येऊन बसावं.

आजींना विचारलं, हे वापरू का? नाव? म्हणाल्या, "हो का नाही ते नंतर सांगते. आधी मला सगुणाकडे ने. मंडळीत हे बोलता येत नाही, तिथं सगळे गाणी म्हणत असतात."

काका म्हणाले, मी सोडतो. आजी म्हणाल्या, ही सोडेल. प्रियाही येते म्हणाली, तिलाही नको. प्रियानं त्यांना कोट घातला, बटणं लावली. मला दारात हळूच म्हणाली, लग्नाबद्दल मी सुजितशी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. म्हणजे काय बोलेल? विचारायची हिंमत झाली नाही.

तोच दिवस, पिस्कॅटवे, आमच्या दारासमोर गाडीत

आजींना गाडीतच बसवून आधी वर गेले, आत्याला न सांगता कसं आणणार.

आत्या खुर्चीत. मम्मीच्या हातातली कोथिंबीर हातातच राहिली. पप्पा खिडकीशी गेले, खाली गाडी बघितली, तिथेच उभे राहिले.

"काय सांगितलं तिनं?" आत्या.

म्हटलं, तिनं अजून परवानगी दिलेली नाही, मला सांगता येणार नाही. मूर्ख नियम. मग राहवलं नाही. एवढंच म्हटलं, "ओढ्याचं."

आत्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. रागावलेली नाही. लहान दिसायला लागली एकदम. इतक्या वर्षांत तिनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं, पप्पांनाही नाही, पप्पा विचारत होते, "कसलं ओढ्याचं? आत्या, कसलं?"

"तुला माहीत होतं तर रेकॉर्डिंगमध्ये का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"लियाचं सांगता येतं," म्हणाली. "ती मेलीय."

मी म्हटलं, आजींना वर आणू का? सोमवारी प्रकरण द्यायचंय हे माझ्या मनात आलं, आणि आलं याची लाज वाटली.

"थांबू दे तिला."

"किती वेळ? बाहेर थंडी आहे आत्या. त्यांचं वय…"

"मी किती वेळ थांबले ते विचार तिला."

पप्पा मध्ये काही बोलतील वाटलं. थोरातांसमोर मान खाली जायला नको म्हणून जपणारे पप्पा, आणि थोरातांच्याच आईला आम्ही दाराशी ताटकळत ठेवलेलं. ते खिडकीपासून वळले. आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

खाली आले. आजींनी बेल्ट काढलेला नाही, पर्स मांडीवर. "काय म्हणाली?"

मी हीटर वाढवला. काय सांगावं सुचेना म्हणून फोनवर हे लिहीत बसलेय. आजींना वाटतंय मी आत्यालाच मेसेज करतेय. त्या मला घाई करत नाहीत. खिडकीतून वर बघतात, आणि थोड्या थोड्या वेळानं विचारतात, "आलं का गं उत्तर?"